पाणंद, पाट आणि द्राक्षबागा : खडीवरच्या सायकलिंगचे प्रश्न

गाड्यांची वर्दळ टाळून, द्राक्षबागांतून आणि नदीकाठाने सायकल चालवण्याबद्दल वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आम्ही मागच्या अंकात म्हटले होते. पत्रे बहुतेक सांगली जिल्ह्यातली आली, आणि ती सायकलीपेक्षा रस्त्याबद्दलच जास्त विचारत होती. ते बरेच झाले.

प्रश्न : हमरस्त्यावर आता सायकल काढवत नाही. सांगली-मिरजेच्या आसपास गाड्या नसलेला, बागांमधून जाणारा वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता सुचवाल का?
– एक वाचक, विश्रामबाग

असा एकच रस्ता सांगून मोकळे होता येत नाही. पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, दरवर्षी बदलते. गेल्या वर्षी मोकळी होती ती यंदा कुणीतरी नांगरून बांधात घेतलेली असते, आणि काट्यांनी बुजलेल्या वाटेवर यंदा छान मुरूम पडलेला असतो. म्हणून रस्ता शोधायचा कसा, ते सांगतो.

आपल्याकडे बिनवर्दळीचे रस्ते मुख्यतः दोन जातींचे. पहिली पाणंद किंवा शिवरस्ता. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. दुहेरी रेषा धरून चला. एकेरी रेषा बहुतेक वेळा कुणाच्या तरी बांधावर जाऊन संपते. दुसरी जात कॅनॉलपट्टी, म्हणजे पाटाच्या काठाने देखभालीसाठी केलेला मुरमाचा रस्ता. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या तिन्ही उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात चढवले आहे. त्यांचे कालवे समपातळी धरून वळत जातात, त्यामुळे काठच्या रस्त्याला चढ जवळजवळ नसतो. उपग्रह नकाशावर टेकड्यांच्या कडेने वळणे घेत जाणारी बारीक निळसर-राखाडी रेषा दिसली की तो कालवा. मात्र काही ठिकाणी पाणी आता जमिनीखालच्या नळांतून जाते. तिथे नकाशावर कालवा दिसतो, पण काठाला रस्ता असेलच असे नाही.

बागाच बघायच्या असतील तर तासगावच्या पूर्वेला मणेराजुरी, सावळज या भागाकडे तोंड करा. नुसता हात बसवायचा असेल तर सांगलीहून हरिपूर. अंतर थोडे, वाट सपाट, आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम. तिथे एक काळजी घ्या : हरिपूर हळदीच्या पेवांचे, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचे, गाव आहे. वापरात नसलेल्या पेवाचे तोंड गवताने झाकलेले असू शकते आणि आतली हवा कोंदट, गुदमरवणारी असते. वाट सोडून पडीक रानात सायकल घालू नका.

कॅनॉलपट्टी जलसंपदा खात्याची. फाटक बंद असेल तर बंद. आवर्तन सुरू असताना, म्हणजे पाटाला पाणी सोडलेले असताना, पाटात हातपाय धुवायलाही उतरू नका. अस्तरीकरणाचा उतार शेवाळाने निसरडा होतो, पाण्याला ओढ असते आणि काठाला धरायला काही नसते. पाणंद सार्वजनिक असली तरी बांध खासगी असतो. समोर माणूस दिसला की उतरून “दादा, ही वाट पुढं कुठं निघती?” असे विचारावे. नकाशापेक्षा ते उत्तर ताजे असते.

वेळेचा हिशेब डांबरी रस्त्यासारखा धरू नका. कोरड्या मुरमावर ताशी 12 ते 14 किलोमीटर हा सुखाचा वेग. पंचवीस किलोमीटरला दोन तास. आणि नुकतीच खडी टाकलेली पाणंद दिसली तर सरळ मागे फिरा. पाणंद योजनेतून आधी मोठी खडी अंथरतात, मुरूम आणि रोलर नंतर येतो. मधल्या काळात त्या सुट्या दगडांवर पुढचे चाक पाण्यावरच्या नावेसारखे वाहवत जाते.

प्रश्न : माझ्याकडे 700×35 टायरची हायब्रिड आहे, मुलाकडे 26 इंची एमटीबी. खास ग्रॅव्हल (खडीच्या वाटांसाठीची) सायकल घ्यावीच लागेल का? हवा किती भरायची?
– एक वाचक, पलूस

नाही. एमटीबी तर आहे तशीच चालेल, फक्त डांबरावर ती जड वाटते. हायब्रिडमध्ये जरा मोठा टायर मावतो का ते बघा. फ्रेम, फोर्क आणि ब्रेक अशा तिन्ही ठिकाणी टायरच्या दोन्ही बाजूंना किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. तेवढी ठेवून 38 किंवा 40 मिलिमीटर रुंदीचा बसत असेल तर जरूर बसवा. ‘घासत नाही ना, मग झाले’ हा हिशेब चुकीचा. ओला मुरूम चिकटला की टायर फुगतो आणि फ्रेमचा रंग खरवडून काढतो.

हवेबाबत बहुतेकांची एकच चूक होते : टणक होईपर्यंत भरतात. टणक टायर खडीवर उसळतो, पकड सुटते आणि मनगटे दुखतात. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या 700×35 साठी पुढे 48, मागे 53 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप). 700×40 ला पुढे 40, मागे 44. 26×2.1 ला पुढे 30, मागे 34. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) असेल तर 40 च्या टायरला 30 आणि 33 पुरे. वजन दहा किलोने जास्त असेल तर तीन-चार पीएसआय वाढवा. इथून सुरुवात करून दर खेपेला दोन-दोनने कमी करत जा. दगडावर रिम टेकल्याचा ‘टक्’ आवाज आला की तीन वाढवा आणि तिथेच थांबा. तो तुमचा आकडा. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नका. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा साधे गेज घ्या. 40 आणि 50 मधला फरक अंगठ्याला कळत नाही.

गियरचे एकच बघा : मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते पुढच्या सर्वांत लहान चकतीइतके किंवा जास्त असावेत. भोसे गावाजवळचा दंडोबा चढायला घेतलात की कारण कळेल.

प्रश्न : पंक्चरनी जीव नकोसा केला आहे. एका फेरीत तीन-तीन होतात. दुकानदार म्हणतो ट्यूबलेस करा. खरेच फरक पडतो का?
– एक वाचक, कवठेमहांकाळ

पडतो. तुमच्या भागात तर पडतोच. पण आधी शत्रू ओळखू.

पहिला सराटा. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, पिवळी पाच पाकळ्यांची फुले. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतो. पावसाळ्यात उगवतो, पण वाळलेले काटे पुढच्या पावसापर्यंत वाटेच्या कडेला पडून असतात. ते टायरमधून जेमतेम आरपार जातात, म्हणून भोक बारीक पडते आणि हवा हळूहळू निघते. दुसरा बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा. हा लांब असतो, कुंपणासाठी तोडलेल्या फांद्यांबरोबर वाटेवर येतो आणि टायरच्या कडेतूनही घुसतो. तिसरे पंक्चर काट्याचे नसतेच : ट्यूबला समोरासमोर दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि दगड-रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली, असे समजा.

पाणंदीत चालवताना ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच जा. चाकोरीतले काटे आधीच ट्रॅक्टरच्या टायरमध्ये गेलेले असतात. मधली गवताची पट्टी आणि कडा सराट्यांची. समोरून गाडी आली म्हणून कडेला चाक घालू नका. थांबा, सायकल उचलून घ्या.

आता ट्यूबलेस. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला योग्य असतील तरच करा. साध्या रिमवर जुगाड करून भागवले तर वळणावर टायरची कड सुटते. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा चार मिलिमीटर रुंद टेप लागतो, म्हणजे 21 ची रिम असेल तर 25 चा. रिम स्पिरिटने पुसा. व्हॉल्व्हच्या भोकाच्या समोरच्या बाजूपासून टेप ताणून लावायला घ्या, शेवटी दहा-बारा सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या आणि प्रत्येक ठिकाणी अंगठ्याने दाबा. सुरकुती राहिली तर हवा तिथूनच जाते, स्पोकच्या भोकातून बाहेर पडते, आणि माणूस टायरला दोष देत बसतो. व्हॉल्व्हसाठी टेपला कात्रीने कापू नका, तापवलेल्या सुईने बारीक भोक पाडा आणि व्हॉल्व्ह त्यातून रेटून घाला.

टायर चढवून कडांना साबणाचे पाणी लावा. व्हॉल्व्हचा गाभा काढून पेट्रोल पंपावरच्या किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरा. दोनदा मोठा ‘फट्’ आवाज आला म्हणजे दोन्ही कडा बसल्या. मग हवा सोडून सीलंट, म्हणजे बारीक भोके आतून बुजवणारा द्रव, घाला : 700×40 ला साधारण 80 मिली, 26×2.1 ला 100 मिली. गाभा लावा, हवा भरा, चाक आडवे धरून प्रत्येक बाजूने पाच मिनिटे हलवत राहा आणि लगेच एक चक्कर मारून या. न हलवता कोपऱ्यात उभी केली की सीलंट तळाशी जमते आणि सकाळी टायर बसलेला मिळतो.

जे बहुतेकांना सांगितलेच जात नाही ते असे : सीलंट वाळते. आपल्या मार्च-मेच्या उन्हात दोन महिन्यांतच. बाहेरून काही दिसत नाही, पण आत रबराचा पापुद्रा झालेला असतो. चाक कानाजवळ हलवून बघा, खळखळ ऐकू आली नाही तर 40 मिली आणखी घाला. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत असाल तर महिन्याला तपासा. रबरी चिकाच्या सीलंटबरोबर कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरू नका, सीलंटच्या गुठळ्या होतात. हातपंपच बरा.

काटा घुसला तर उपटा, भोक खाली येईल असे चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. पांढरे बुडबुडे थांबले की निघा. भोक तीन मिलिमीटरपेक्षा मोठे असेल तर ट्यूबलेसची चिकट दोरी सुईने ठोसून भरावी लागते. ती आणि एक साधी ट्यूब बरोबर असू द्या.

ट्यूबच ठेवायची असेल तर गाभा निघणाऱ्या व्हॉल्व्हची ट्यूब घेऊन तिच्यातच 60 मिली सीलंट घाला. सराट्यांच्या मानाने हा स्वस्तातला चांगला उपाय आहे. आणि पॅच लावताना दोन गोष्टी : सोल्यूशन ओले असताना पॅच चिकटवू नका, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत पाच मिनिटे वाळू द्या. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा, बोटे नव्हे. मोडलेल्या काट्याचे टोक कापडाला अडकते. एका फेरीत तीन पंक्चर होतात म्हणता, त्यांतली दोन बहुधा त्याच राहिलेल्या टोकाची असतील.

प्रश्न : जुलैत भिलवडीजवळ नदीकाठच्या वाटेने गेलो. शंभर पावलांत चाके फिरायची थांबली, जोर लावला तर मागचा डेरेलर (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) मोडून स्पोकमध्ये गेला. सायकल हलकी होती म्हणून असे झाले का?
– एक वाचक, तासगाव

सायकलीचा दोष नाही. ती काळी जमीन होती आणि तिला वाफसा नव्हता, म्हणजे ती पुरेशी सुकलेली नव्हती.

काळी माती ओली असताना थरावर थर चढवत जाते. चाकाबरोबर गवत, उसाचे पाचट आणि चिखल वर येतो, डेरेलरच्या छोट्या चकत्यांमध्ये अडकतो आणि चेन सरकेनाशी होते. तुम्ही पेडलवर जोर दिला की अडकलेली चेन डेरेलरलाच मागे-वर ओढते. तो ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो ते हँगर मुद्दाम मऊ धातूचे असते, फ्रेमऐवजी ते मोडावे म्हणून. म्हणजे त्याने त्याचे काम केले. चाक जड वाटले की पेडल मारणे तत्काळ बंद करा, उतरा, काडीने चकत्या मोकळ्या करा आणि सायकल खांद्यावर घ्या. आपल्या फ्रेमचेच जास्तीचे हँगर आणि चार-पाच मिलिमीटरच्या ॲलन-की पिशवीत हव्यात. हँगर प्रत्येक फ्रेमचे वेगळे असते. मोडल्यावर सांगलीत शोधत फिरण्यापेक्षा आधीच मागवून ठेवा.

वाट चालेल का हे बघायची रीत शेतकऱ्याचीच. मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटाला चिकटली तर परत फिरा. गोळा झाला पण बोटाने टोकताच फुटला तर वाफसा आहे. मोठ्या पावसानंतर मुरमाच्या वाटेला एक दिवस उघाड पुरते, काळ्या जमिनीला चार-पाच दिवसही लागतात. म्हणून पावसाळ्यात नदीकडची मळीची रानं सोडा आणि पूर्वेच्या माळाकडे जा. तिथे पाऊसही कमी आणि जमीनही मुरमाड.

पुरानंतरचा नदीकाठ हे वेगळेच प्रकरण. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर काठावर गाळाचे थर बसले होते. लहान पुरानंतरही हेच होते. वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पाय ठेवला की घोट्याच्या वर आत. दिवाळीपर्यंत त्या वाटेला जाऊ नये.

घरी आल्यावर प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) यांच्या बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : बागांतून जाताना फवारणीचा त्रास होईल का? आणि शेतकरी कधी कधी रागावतात, ते का?
– एक वाचक, मिरज

दोन्हींचे उत्तर बागेच्या कॅलेंडरमध्ये आहे. एप्रिलमध्ये खरडछाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात. ते विषारी आहे, अशा बागेत पाऊलही टाकू नका. त्यानंतर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या चालू राहतात, विशेषतः ढगाळ हवेत. ट्रॅक्टरचा ब्लोअर लांबूनच ऐकू येतो. वारा आपल्याकडून बागेकडे वाहत असेल तर पुढे जा. उलटा असेल तर दोनशे मीटर अलीकडे थांबा, ब्लोअर ओळीच्या टोकाला वळेपर्यंत वाट बघा. पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला झाकण असलेले बरे.

घड तोडून तोंडात टाकू नका, विचारूनही नको. शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठराविक दिवस सोडावे लागतात आणि ते दिवस संपलेत की नाही हे मालकालाच माहीत. निर्यातीच्या मालाचे नमुने औषधांच्या अंशासाठी तपासले जातात, त्यामुळे अनोळखी माणूस बागेत शिरलेला मालकाला चालत नाही.

रागाचे खरे कारण मात्र बहुतेक वेळा धूळ असते. बेदाणा शेड उघड्या असतात, बाजूला फक्त जाळी. द्रावणात बुडवून काढलेले मणी जाळीच्या कप्प्यांवर बारा-पंधरा दिवस सावलीत वाळतात. द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल असते, त्यामुळे सुरुवातीला मणी चिकट-तेलकट असतात. चार-पाच सायकली वेगात गेल्या की पाणंदीतली पांढरी धूळ नेमकी तिथे जाऊन बसते, आणि बेदाण्याचा भाव रंगावर आणि स्वच्छतेवर ठरतो. फेब्रुवारी ते एप्रिल शेडच्या अलीकडे-पलीकडे शंभर मीटर चालत जा. काढणीच्या दिवसांत क्रेट भरलेल्या पिकअपला आणि गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला आधी जाऊ द्या. त्याला मागे घेता येत नाही, तुम्हाला येते.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मुलीकडे फ्रान्समध्ये बोर्दोला चालले आहे. तिथे द्राक्षबागा आणि खाडी दोन्हींतून सायकलने फिरता येते असे ऐकले. तासगावात त्याची तयारी कशी करू?
– एक वाचक, तासगाव

ताई, तुमच्या तालुक्याचे त्या गावाशी जुने नाते आहे. आपल्या बागांवर मारतो ते मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण तिथलेच. मेदोक भागातल्या बागांवरच्या डाऊनीसाठी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते 1885 मध्ये जगापुढे मांडले.

गारोन आणि दोर्दोन्य या नद्या बोर्दोच्या खाली एकत्र येतात आणि तिथून समुद्रापर्यंत सुमारे 75 किलोमीटरची जिरोंद खाडी पसरते. डाव्या काठाला मेदोकच्या बागा, उजव्या काठाला ब्लाये गाव आणि तिथला व्होबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने बांधलेला किल्ला. तो 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. लामार्क ते ब्लाये अशी फेरी-बोट सायकलीसह पलीकडे सोडते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघून ठेवा. ओहोटीला काठावर उघडा पडणारा करडा गाळ आपल्या पुरानंतरच्या गाळासारखाच फसवा असतो. त्यावर फोटोसाठी उतरू नका.

गाड्यांशिवायची सर्वांत सोपी वाट म्हणजे रोजे लापेबी मार्ग : बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरून बोर्दोच्या बाहेरून निघून क्रेओंमार्गे सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत, सुमारे 55 किलोमीटर, डांबरी, चढ अगदी सौम्य. मधल्या बोगद्यासाठी दिवा हवा. लापेबीने 1937 ची टूर द फ्रान्स जिंकली. त्या शर्यतीत डेरेलर वापरायला परवानगी मिळाली ती त्याच वर्षी. कच्चीच वाट हवी असेल तर तुलूजच्या पुढे कालवा द्यु मिदीचा काठ. तिथे झाडांच्या मुळांनी वाट उंचसखल आहे.

तिकडे सप्टेंबर म्हणजे काढणी, त्यामुळे बागांच्या मधल्या वाटांवर ट्रॅक्टर असतात आणि त्या वाटा बहुतेक खासगी. आपल्या मांडवासारखी सावली मिळणार नाही. वेली कमरेएवढ्या, तारांवर सरळ ओळीत, आणि समुद्राकडून वारा. टोपी आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट घ्या. उजव्या बाजूने चालवायचे, हे पहिल्या दोन दिवशी चौकात स्वतःला बजावून सांगा. तयारी म्हणून आठवड्यातून तीनदा दोन तास, त्यातली एक फेरी वाऱ्याच्या विरुद्ध. 40 चा टायर तिथे सगळीकडे चालतो, हवा पाच पीएसआय जास्त ठेवा, कारण बरेचसे डांबरच आहे.

प्रश्न : वस्तीवरची कुत्री अंगावर येतात. काय करावे?
– एक वाचक, जत

पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, सावकाश चाला, घरातल्या माणसाला हाक मारा. चावले किंवा नखाने रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

प्रश्न : खडीवरून आले की सायकल खुळखुळते आणि चेन कुरकुरते. तेल किती वेळा घालू?
– एक वाचक, विटा

तेल कमी नाही, बहुधा जास्त होते आहे. जाड तेलावर मुरमाची धूळ बसून घोटणीची पेस्ट होते आणि ती चेन खाते. चेन फडक्यात धरून उलटी फिरवत पुसा, प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटे थांबा, मग बाहेरचे सगळे तेल पुन्हा पुसून काढा. कोरड्या हंगामात मेणाचे वंगण जास्त चांगले, मात्र चेन आधी रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवायला हवी, नाहीतर मेण धरत नाही. खुळखुळ बहुतेक बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूची असते. नसेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) सैल आहे : आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बाजूचे दोन बोल्ट ढिले करा, वरचा बोल्ट हलवताना टकटक थांबेल इतकाच आवळा, मग बाजूचे पुन्हा घट्ट करा. बाजूचे ढिले न करता वरचा कितीही पिळला तरी काही फरक पडत नाही, फक्त बोल्टचे आटे जातात.